दोन गाणी, एक ठेका: घरच्या घरी डीजेइंग शिकायचं तर

आपल्याकडे ‘डीजे लावला’ असं म्हणतात. जालना असो की लातूर, वरातीत ट्रॉलीवर रचलेल्या बेसच्या पेट्या म्हणजे डीजे आणि त्या वाजवणारा तो ‘ऑपरेटर’. या लेखात मात्र डीजे म्हणजे माणूस. एक गाणं संपत आलं असताना दुसरं गाणं असं आत आणणारा, की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. हे शिकायला पेट्या लागत नाहीत. लॅपटॉप, तारेचा हेडफोन आणि रोजचा अर्धा तास पुरतो. उलट मोठा आवाज शिकण्याच्या आड येतो, कारण त्या धडधडीत आपली चूक आपल्यालाच ऐकू येत नाही.

सामान घेण्याआधी मोजणी

पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नका. गाणं लावा आणि ठोके मोजा. भजनात टाळ धरला असेल, लेझीम खेळला असाल तर अर्धी वाट तिथेच संपली. समेवर येणं म्हणजे काय ते तुमच्या हाताला माहीत आहे. डीजेच्या भाषेत समेच्या त्या ठोक्याला ‘एक’ म्हणतात आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं.

नाचाची बहुतेक गाणी चार-चारच्या मोजणीत बसतात. केरव्याच्या आठ मात्राही त्यात सहज मावतात. चार ठोक्यांचा एक बार आणि आठ बार, म्हणजे ३२ ठोके झाले की गाण्यात काहीतरी बदलतं: ढोलकी येते, गायक सुरू होतो, नाहीतर बेस जातो. या ३२ ठोक्यांच्या तुकड्याला फ्रेज म्हणतात. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके असलेल्या गाण्यात हा तुकडा बरोबर १५ सेकंदांचा असतो, ९६ बीपीएमच्या गाण्यात २० सेकंदांचा.

कागद घ्या. दर चार ठोक्यांना एक रेघ मारा आणि गाण्यात बदल झाला की रेघेवर गोल करा. पाच-सहा गाणी अशी उतरवली की दिसेल, गोल आठव्या रेघेच्या आसपासच पडतात. सिनेमाच्या गाण्यांत मात्र गंमत असते. अंतऱ्याआधी एखादा बार जास्तीचा टाकलेला असतो किंवा मुखड्यावर परतताना दोनच ठोके जास्त घेतलेले असतात. अशा जागा कागदावर आताच लिहून ठेवा. ऐन मिक्समध्ये, म्हणजे दोन गाणी जोडताना, घसरायला होतं ते इथेच.

काय घ्यायचं, काय टाळायचं

सुरुवात मिक्स या सॉफ्टवेअरने करा (नावात शेवटी तीन एक्स आहेत). ते मुक्त आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि नुसत्या कीबोर्डवरूनही वापरता येतं. महिनाभर त्यावर टिकलात तर कंट्रोलरचा, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या बटणा-चाकांच्या पेटीचा, विचार करा. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४, हर्क्युलिसची इन्पल्स मालिका, न्यूमार्कची मिक्सट्रॅक मालिका, असे दोन चॅनेलचे (एका वेळी दोन गाणी हाताळणारे) कंट्रोलर नवशिक्यासाठीच बनवलेले असतात. नावापेक्षा चार गोष्टी पाहा: आत साउंडकार्ड आहे ना, हेडफोनला वेगळं भोक आहे ना, प्रत्येक चॅनेलला बेस-मिड-ट्रेबलची तीन बटणं आणि वर गेनचं, म्हणजे गाण्याच्या आवाजाची पातळी ठरवणारं, बटण आहे ना, आणि वेगाचा फेडर (सरकपट्टी) पुरेसा लांब आहे ना. आखूड फेडरवर अर्ध्या बीपीएमचा बारीक फरक बोटाला सापडत नाही. चार चॅनेल, रंगीत दिवे आणि पन्नास इफेक्ट यांचे पैसे पहिल्या वर्षी वाया जातात.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा आणि तारेचा हवा. ब्लूटूथचा हेडफोन डीजेइंगला चालतच नाही, कितीही महाग असला तरी. त्यात आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही ठोक्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने मागे असता आणि जुळवत बसता. ब्लूटूथ स्पीकरचंही तेच.

कंट्रोलर नसताना हेडफोनमध्ये एक गाणं आणि स्पीकरवर दुसरं कसं ऐकायचं? साधं यूएसबी साउंडकार्ड घ्या. सॉफ्टवेअरच्या साउंड सेटिंगमध्ये मुख्य आवाज लॅपटॉपच्या भोकाला द्या आणि हेडफोनचा आवाज यूएसबी कार्डाला. एवढ्यावर महिनोन्महिने सराव होतो.

जोडणी, लाइट आणि उन्हाळा

कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या यूएसबीला लावा. स्वस्त हबमधून लावला तर वीज कमी पडते आणि गाणं मधेच तुटतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी आपोआप झोपवणारं कलम बंद करा. सरावाच्या वेळी वायफाय आणि अपडेटही बंद. साउंड बफर (लॅपटॉप आवाज किती आधी साठवून ठेवतो ते) १० ते १५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. फार कमी केला की आवाज तडतडतो, फार वाढवला की बटण दाबल्यानंतर गाणं उशिरा हलतं. तडतड झाली तर एकेक पायरी वाढवत जा.

स्पीकरमधून सतत ‘हम्म’ येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे: लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी राहिली तर तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हे वेटोळं तोडणारी डबी, लावा. प्लगची तिसरी पिन तोडायची युक्ती कोणीतरी हमखास सांगेल. ती ऐकू नका. शॉक लागला तर अडवायला तीच पिन असते.

लाइट जाते-येते तिथे स्पीकर बंद होऊन पुन्हा चालू होताना जोरात ‘ठप्प’ होतं आणि त्यात स्पीकरचा कोन (पडदा) फाटू शकतो. म्हणून लाइट गेली की लगेच स्पीकरचं बटण बंद करा आणि आल्यावर मिनिटभराने लावा. एरवीचाही क्रम पाठ करा: चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी.

एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी सराव करू नका. बऱ्याच कंट्रोलरच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंशांची दिलेली असते आणि परभणी-नांदेडचं ऊन ती सकाळी अकरालाच ओलांडतं. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाज तुटू लागतो. धूळ दुसरी शत्रू. काम झालं की कापड टाकून ठेवा. फेडर खरखरायला लागला तर कोरडा मऊ ब्रश फिरवा. त्यात तेल सोडलं की धूळ चिकटून फेडर कायमचा जातो. पत्र्याची किंवा नुसत्या सिमेंटच्या भिंतींची खोली फार घुमते आणि ठोका पुसट ऐकू येतो. स्पीकरसमोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगा. फरक लगेच कळतो.

वीस गाणी, दोन हजार नव्हे

पेनड्राइव्हमध्ये कोणीतरी भरून दिलेली दोन हजार गाणी शिकण्याच्या कामाची नाहीत. वीस निवडा: दहा ११८ ते १२८ बीपीएममधली, दहा ९० ते १०५ मधली. फाइल ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही हवी. तीन मिनिटांची अशी एमपी३ साधारण ७ एमबी भरते आणि डब्ल्यूएव्ही ३० एमबी. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं ३२० मध्ये बदललं तर आकडा वाढतो, गेलेला ट्रेबल परत येत नाही. फोनवर ते खपतं, मोठ्या स्पीकरवर झांजा पाण्यात वाजल्यासारख्या येतात.

सॉफ्टवेअर गाण्याचं विश्लेषण करून बीपीएम सांगतं आणि ठोक्यांवर रेघा आखतं. त्या रेघा म्हणजे ग्रिड. त्यावर आंधळा विश्वास नको. ७० च्या गाण्याला १४० दाखवणं ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक गाण्याची पहिली आणि शेवटची रेघ ठोक्यावर बसते का ते बघा. पहिली चुकली असेल तर ग्रिड सरकवा. पहिली बरोबर आणि शेवटची चुकलेली असेल तर बीपीएम चुकलाय, किंवा गाणं जिवंत वादकांनी वाजवलेलं आहे आणि लय मधे हलली आहे.

मग प्रत्येक गाण्यात चार खुणा, म्हणजे हॉट क्यू, ठेवा: पहिला ‘एक’, गायन सुरू होण्याआधीचा ‘एक’, मधल्या वाद्यसंगीताची सुरुवात आणि जिथून बाहेर पडायचं ती जागा. सगळ्या गाण्यांत हाच क्रम पाळा. घाईत बोटाला विचार करायला वेळ नसतो.

लय जुळवणं

सगळ्यांत जास्त वेळ याला द्या. सिंक नावाचं बटण दोन्ही गाण्यांची लय आपोआप जुळवतं आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. पण ते ग्रिडवर चालतं. ग्रिड चुकलं की सिंकही चुकतं आणि ते दुरुस्त करायला कानच लागतो. म्हणून पहिले सहा आठवडे सिंकला हात लावू नका. स्क्रीनवरच्या बीपीएमच्या आकड्यावर आणि लाटांच्या चित्रावर कागद चिकटवा.

पहिला सराव एकाच गाण्याच्या दोन प्रतींचा. डाव्या डेकवर (सॉफ्टवेअरमधल्या गाणं चढवायच्या जागेवर) गाणं वाजू द्या. उजव्या डेकवर तेच गाणं चढवा, वेगाचा फेडर डोळे मिटून थोडा हलवा आणि मग कानाने जुळवा. बरोबर जुळलं की आवाज पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा. दोन प्रती जवळजवळ एकावर एक आल्याची ती खूण. हे जमेपर्यंत दोन वेगळी गाणी घेऊ नका.

मग वेगळी गाणी. डावं स्पीकरवर चालू आहे. उजव्याचा आवाज क्यू बटणाने हेडफोनमध्ये घ्या, एक कान झाका, दुसरा मोकळा ठेवा. उजवं गाणं पहिल्या ‘एक’वर थांबवून ठेवा. स्पीकरवरचे ठोके मोजा: एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, आणि नव्या फ्रेजच्या ‘एक’वर प्ले दाबा. बोट उशिरा पडतंच, म्हणून जॉग व्हीलची, म्हणजे कंट्रोलरवरच्या गोल चाकाची, कड हलकेच पुढे ढकलून गाणं ठोक्यावर आणा. चाकाचा माथा नव्हे, कड. माथ्याला हात लागला की बहुतेक कंट्रोलरवर गाणं थांबतं आणि ‘खर्र’ असा स्क्रॅच उठतो.

आता सोळा ठोके नुसतं ऐका. दोन गाण्यांत अर्धा बीपीएम फरक राहिला असेल तर १२४ च्या लयीत सोळा ठोक्यांनंतर सुमारे ३० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. एक ‘धप्’ होता तिथे ‘ध-धप्’ ऐकू येतं, घोड्याच्या टापांसारखं. उजवं पुढे गेलं की मागे राहिलं, हे सुरुवातीला कळत नाही. त्यासाठी युक्ती आहे. कड जराशी पुढे ढकला. टापा आणखी फाकल्या तर ते आधीच पुढे होतं, जवळ आल्या तर मागे होतं. मागे असेल तर कडेने ठोक्यावर आणा आणि लगेच वेगाचा फेडरही किंचित वाढवा. नुसतं ढकलत राहिलात तर दर दहा सेकंदांनी ढकलत बसाल. नवख्याची सगळ्यांत मोठी चूक हीच. आणि लक्षात ठेवा, बहुतेक कंट्रोलरवर फेडर आपल्याकडे ओढला की वेग वाढतो. पहिले काही दिवस हात उलटाच जातो.

ठोका पकडताना किकच्या, म्हणजे ‘धप्’ वाजणाऱ्या ड्रमच्या, मागे लागू नका. किकचा बेस पसरट असतो. टाळी किंवा झांजेचा आवाज धारदार, त्याची कड कानाला नेमकी सापडते. हेडफोनमधल्या गाण्याचा बेस सरावापुरता कमी केला तरी चालतो. हेडफोन आणि खोलीचा आवाज कानाला सारखाच वाटू द्या. एक मोठा झाला की दुसऱ्याची लय कळत नाही.

मोठ्या जागेत आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटर दूरच्या स्पीकरचा ठोका तुमच्यापर्यंत ५० मिलिसेकंद उशिरा येतो. त्याच्याशी हेडफोन जुळवला तर मिक्स बरोबर तेवढाच चुकतो. अशा वेळी जवळ छोटा स्पीकर ठेवा, नाहीतर क्यू-मिक्सच्या बटणाने दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घेऊन जुळवा.

बेस एकाचाच

लय जुळली, आता गाणं आत आणायचं. उजव्या गाण्याचा बेस पूर्ण बंद करा. नव्या फ्रेजच्या ‘एक’वर त्याचा व्हॉल्यूम फेडर वर न्यायला लागा. सोळा ठोक्यांत तो वर पोचला पाहिजे. पुढच्या सोळांत नुसतं ऐका, लय सुटत असेल तर कडेने सावरा. ३२ ठोके संपून पुन्हा ‘एक’ येईल तेव्हा एका झटक्यात डाव्याचा बेस बंद, उजव्याचा चालू. मग पुढच्या ३२ मध्ये डावं सावकाश काढून घ्या. दोन्ही गाण्यांचे बेस एकत्र वाजले की एकमेकांना खातात: कधी गढूळ गडगडाट होतो, कधी बेस गायबच होतो. एका वेळी एकाचाच, हा नियम मोडायला अजून पुष्कळ वेळ आहे. दोन गायक एकावर एक आले तर तेही तसंच वाईट. इथे चार खुणांमधली दुसरी कामी येते: नव्या गाण्याचं गायन जुन्याचं संपल्यावरच सुरू व्हायला हवं.

अडचण अशी की आपल्या बऱ्याच गाण्यांना मिक्स करायला मोकळी सुरुवातच नसते. दोन ठोके आणि थेट मुखडा. उपाय लूपचा. सुरुवातीच्या किंवा मधल्या वाद्यसंगीतातल्या चार ठोक्यांवर लूप लावा. ते चार ठोके फिरत राहतील, तुम्ही निवांत जुळवा आणि योग्य ‘एक’वर लूप सोडा. बाहेर पडणाऱ्या गाण्याच्या शेवटालाही असंच ताणता येतं. लूप लांबवायचा मोह मात्र आवरा. आठ वेळा फिरला की नाचणाऱ्याला कंटाळा कळतो.

पट्टीचं थोडक्यात. सॉफ्टवेअर ज्याला की म्हणतं ती आपली पट्टी. वेग सुमारे ६ टक्के वाढवला की गाणं अर्धा स्वर चढतं, पांढरी एकचं काळी एक होतं. की-लॉक चालू ठेवलं तर पट्टी जागेवर राहते, पण ताण ८-१० टक्क्यांपुढे गेला की गायकाचा आवाज रबरासारखा होतो. कोणती पट्टी कोणाशी जमते यासाठी कॅमेलॉट नावाचं घड्याळासारखं चक्र वापरतात. त्यात ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर. ८ए नंतर ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी लावलं तर सूर भांडत नाहीत. पहिल्या सहा आठवड्यांत या चक्रात अडकू नका. लय चुकलेली पाहुण्यांनाही कळते.

संबळ, हलगी आणि सहाच्या चाली

इंग्रजी धड्यांत हे सापडणार नाही. आपल्याकडच्या गोंधळाच्या, कोळीगीतांच्या कित्येक चाली दादऱ्यासारख्या सहाच्या झोकात चालतात. सॉफ्टवेअर त्यांचा बीपीएम कधी दीडपट दाखवतं, कधी दोनतृतीयांश: खरा १०० असताना १५० किंवा ६७. बरोबर आकडा कळायला पाय आपटून बघा. माणूस ज्या ठोक्यावर पाय टाकतो तो बीपीएम धरा आणि सॉफ्टवेअरमधलं टॅप बटण त्या लयीत दाबून दुरुस्ती करा.

सहाची चाल चारच्या चालीवर ३२ ठोके एकत्र ठेवू नका. पायाचा ठोका जुळला तरी आतला डौल भांडतो. त्यापेक्षा दोन मार्ग बरे. पहिला कट: जुन्या गाण्याच्या फ्रेजचा शेवटचा ठोका वाजला की पुढच्या ‘एक’वर नवं गाणं पूर्ण आवाजात, जुनं बंद. दुसरा एको (प्रतिध्वनी): जुन्या गाण्यावर एको लावून फेडर खाली ओढा, शेवटचा शब्द घुमत विरू द्या आणि त्या मोकळ्या जागेत संबळ सुरू करा. ९५ वरून १२८ वर उडी मारायची असेल तरी हेच दोन मार्ग. आणि संबळाची सुरुवात अशी एकटी, उघडी ऐकू आली की लोक आपोआप वळून बघतात. वर बेस चढवायची गरजच नसते.

जुन्या, वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेल्या मुद्रणांत लय दोन-तीन बीपीएमने वरखाली होते. तिथे आठ ठोक्यांपेक्षा जास्त एकत्र ठेवू नका आणि बोट जॉगच्या कडेवरून उचलू नका.

लाल दिवा

प्रत्येक गाण्याचा सगळ्यांत मोठा भाग लावून गेनचं बटण असं ठेवा की मीटर हिरव्यात राहील, अधूनमधून पिवळ्याला शिवेल. नवी गाणी मुळातच मोठ्या आवाजात मुद्रित असतात, जुनी हळू, म्हणून हे गाण्यागणिक करावं लागतं. लाल दिवा लागला की आवाजाच्या लाटेचा माथा छाटला जातो. ऐकायला कर्कश आणि स्पीकरच्या ट्वीटरला (ट्रेबल वाजवणाऱ्या छोट्या भागाला) घातक, कारण छाटलेल्या लाटेत ट्रेबलची जास्तीची ऊर्जा तयार होते आणि ट्वीटरची बारीक तार तापते. आवाज कमी वाटला तर स्पीकरचा वाढवा, मिक्सरचा नाही.

कानांचंही गणित आहे. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. सरावानंतर कानात ‘सूंऽऽ’ वाजत असेल तर त्या दिवशीचा हेडफोन जास्त होता.

रेकॉर्डिंग आणि पहिली हळद

सहा आठवड्यांनी तीस मिनिटांचा मिक्स रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, शक्यतो चालताना. पाय कुठे अडखळतो ती जागा लिहा आणि तेवढाच जोड दहा वेळा वाजवा. दहा जोडांपैकी सात स्वच्छ जमू लागले की घरच्या हळदीत वाजवायला हरकत नाही. मिक्स इंटरनेटवर टाकला तर हक्कदार कंपन्यांमुळे तो बंद पडू शकतो, म्हणून मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

हळदीच्या दिवशी गाणी दोन पेनड्राइव्हवर, शिवाय फोनमध्ये तासाभराचा तयार मिक्स ठेवा. लॅपटॉप अडकला तर फोनची तार लावता येते. त्यासाठी योग्य पिनची तार आदल्या दिवशीच लावून बघा. जमिनीवरच्या तारा चिकटपट्टीने दाबा, कारण मुलं पळतातच. फर्माइशी कागदावर घ्या. कानात ओरडून सांगितलेलं गाणं शोधताना चालू गाणं संपून जातं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून यादी अशी लावा की जोराची गाणी साडेनऊला संपतील आणि पावणेदहानंतर लय ९० च्या खाली येईल. दहाला मास्टर, म्हणजे मुख्य आवाज, हळूहळू खाली आणा, आधी स्पीकर बंद करा, मग कंट्रोलर, मग लॅपटॉप. तारा गार झाल्यावरच गुंडाळा, आणि कोपरावर आवळून नाही, सैल वेटोळ्यात.